रक्तातली सोनिया

"सोनिया, कितीवर बसलीयास?" गेनबा भगतानं रक्ताच्या रिपोर्टचं बंद पाकीट कपाळाला लावून विचारलं. सारी वाडी अंगणात जमली होती. हाक मेलेल्या बाईला होती. मान वर केली ती तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, शेफालीनं.

श्रावणात या मायलेकींना टायफॉइड झाला. सोनिया गेली, शेफाली वाचली. ताप जाऊन चार महिने झाले, तरी पोरीच्या विडाल चाचणीचा, म्हणजे टायफॉइडच्या रक्ततपासणीचा, आकडा तोच येत होता. भगतानं निदान केलं, आई रक्तात बसलीय! आकडा उतरेपर्यंत पोरीला दिवसाला वाटीभर पेज आणि अंगाऱ्याचं पाणी, बस्स. चाचणी करणारी मी, भोरच्या लॅबमधली सौदामिनी. तिसऱ्यांदा रक्त घेताना तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावला, तेव्हा मला राहवेना. आज पाकीट घेऊन मीच वेल्ह्याकडच्या या वाडीत आले होते.

"एकशे साठ!" भगत गरजला. "हलली न्हाई अजून!"

शेफालीच्या वडिलांनी, धनाजीरावांनी पाकीट फोडलं. "एकास एकशे साठ. व्हय, बराबर!" सगळ्यांचे हात जोडले गेले.

"आता वरचं नाव वाचा," मी म्हणाले.

"सौदा... म्याडम, ह्ये तर तुमचं हाय!"

"माझंच. मलाही पावसाळ्यात टायफॉइड झाला होता. काय हो गेनबा, सोनिया माझ्यातही शिरली का?"

"वारं हाय ते, कुठंबी जातंय," भगत पुटपुटला आणि झोळी आवरू लागला.

"वारं नाही. ही चाचणी जंतू मोजत नाही. जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं, ते मोजते. दुखणं गेलं तरी ते महिनोन् महिने रक्तात राहतं. आकडेही ठरलेलेच, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. यांनी मागचाच आकडा पुन्हा सांगितला. पोर कधीच बरी झालीय."

शेफालीनं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. "म्हंजी आई हितं न्हाई?"

"नाही गं," मी म्हणाले. इतकं जड उत्तर मी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

तिनं ते मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. मग आजीला, सगुणाबाईंना म्हणाली, "मंग मला उपाशी कशापायी ठिवलं?"

सगुणाबाई रडतच चुलीकडं धावल्या.

रिपोर्टवरचा आकडा म्हणजे आजार नव्हे, भूत तर नव्हेच नव्हे. तो कळला नाही तर डॉक्टरांना विचारा. आणि विचारून येईपर्यंत लेकराला जेवू घाला.