हातात काच असताना

मुलांनो, जरा उभे राहा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्याहून उंच अशी काच तुम्ही दोन्ही हातांत उभी धरली आहे. कडा अजून घासलेल्या नाहीत, म्हणजे सुरीसारख्या. नाकाला खाज सुटली तरी हात सोडायची सोय नाही. आणि नेमकं अशा वेळी मागून कुणीतरी खच्चून हाक मारली, तर?

म्हणूनच आपल्या गोष्टीतल्या काचेच्या कारखान्यात एक रीत होती. ज्याच्या हातात काच आहे, त्याला हाक मारायची नाही. त्यानं काच टेबलावर ठेवली आणि दोन्ही तळवे शेजारी पालथे टेकवले, की समजायचं, आता बोला.

ही रीत मोडली ती तिथल्या सगळ्यात सफाईदार कारागिरानं. मालकानं त्याला टेबलावरून उठवून गोदाम झाडायला लावलं आणि वर बजावलं, "मनावरचा ताण उतरवायला शिकून ये. मगच काच कापायची हिरकणी हातात मिळेल." म्हणून तो आता एका लहानशा खोलीत, समुपदेशक बाईंसमोर, हाताची घडी घालून बसला होता.

"मला वेड लागलेलं नाही," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग कशाला बसवलंय? गप्पा मारायला? गप्पा मारायला घरी माणसं आहेत मला."

कोपऱ्यात त्याची मुलगी चित्र रंगवत बसली होती. शाळेला सुट्टी होती आणि आई कामावर, म्हणून तिला बरोबर आणावं लागलं होतं. ती क्षणभर वर बघून पुन्हा रंगवू लागली.

"त्या दिवशी काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मालकानं सांगितलंच असेल की. कान भरण्यात तो तरबेज आहे."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"आमच्या कारखान्यातले वयस्कर काका चुकीच्या मापाची काच उचलून निघाले होते. मी ओरडलो. ते दचकले, काच निसटली, हाताला टाके पडले. झालं समाधान?"

"ओरडायच्या आधी तुमच्या अंगात काय होत होतं?"

"अंगात सदरा होता."

मुलीला खुदकन हसू फुटलं आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. बाईही हसल्या. तो काही हसला नाही. समोरचं माणूस भांडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. या बाईंशी भांडणं म्हणजे पाण्यात काठी मारणं होतं.

"आत्ताच बघा," बाई म्हणाल्या. "खांदे कानांना भिडलेत. दात आवळलेत. राग तोंडातून बाहेर पडायच्या कितीतरी आधी अंगात येऊन बसतो. आला की ओळखायचा. सुरुवात तिथून."

"ओळखून काय करू? चहा पाजू त्याला?"

"घरी कसं असतं?"

"घरी छान असतं. मी आलो की कुणी चकार शब्द काढत नाही." हे त्यानं छाती काढून सांगितलं.

"बाबांच्या हातात काच असते ना, म्हणून," मुलगी मान वर न करता म्हणाली.

"काय बडबडतेस? घरी कुठली आलीय काच?"

"दिसत नाही ती. पण असते. आई सांगते, थांब, आत्ता नको हाक मारू."

"मग हाक कधी मारायची?" बाईंनी हळूच विचारलं.

"खाली ठेवली की."

"आणि खाली कधी ठेवतात?"

मुलीनं बराच विचार केला. मग निळा खडू उचलला.

तो ताडकन उठला. "लेकराकडून चुगल्या करवून घेता होय? चल गं."

रस्त्यात तो तरातरा चालत होता. "घरातलं बाहेर सांगायचं नाही. कळलं?" मुलीनं मान हलवली. नुसती मान. ही पोर एके काळी शाळेतून आली की इतकं बोलायची की, "अगं, मधे श्वास तरी घे," असं त्याला म्हणावं लागे. ते कधी थांबलं? त्यानं खूप आठवून पाहिलं. आठवेना.

पुढच्या वेळी तो एकटाच गेला. "शिव्या घालायला आलोय, असं समजा," तो दारातूनच गुरगुरला.

"घाला. फक्त खांदे खाली घेऊन घाला."

तसं करून बघा कधी, मुलांनो. खांदे खाली ठेवून भांडण नीटसं जमतच नाही. त्यालाही जमेना. मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, "माप माझंच चुकलं होतं. काकांचं नाही. हल्ली मला रेघ दोन-दोन दिसते. काच कापणाऱ्याचे डोळे गेले तर उरलं काय? कुणाला सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत," बाई म्हणाल्या. "आधी डोळे दाखवून घ्या. आणि काकांना हे माहीत आहे?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला. आणि बारीक काम आता पूर्वीसारखं होणार नाही, हेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "आत्ता सांगतोयस? हात शिवून झाल्यावर?" असं म्हणून ते पाठ फिरवून कामाला लागले. बाईंकडे येऊन तो पुन्हा तणतणला. "तुमच्या सांगण्यावरून गेलो आणि तोंडघशी पडलो."

"राग धरायचा हक्क आहे त्यांना," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचं ओझं खाली ठेवलंत. त्यांनी उचलून घ्यायलाच हवं असं नाही."

राग काही पळून गेला नाही. मधेच एकदा घरी ताटही आपटलं गेलं. पण आता दारात पोचला की तो थांबायचा, दात सैल करायचा, लांब श्वास सोडायचा. कधी साधायचं, कधी नाही.

एका संध्याकाळी मालक चष्म्यावरून काहीतरी लागेलसं बोलला होता. घरात आला तेव्हा कपाळावर आठ्यांचं जाळं होतं. आईनं मुलीचा दंड धरला. "थांब. आत्ता नको."

तो खुर्ची ओढून बसला. कुणाकडे बघितलं नाही. चष्मा काढून बाजूला ठेवला. मग सावकाश, तिथं खरंच काही जड ठेवावं तसे, त्यानं दोन्ही तळवे टेबलावर पालथे टेकवले.

मुलीनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिनं तळव्यांकडे नीट पाहून घेतलं, आईच्या हातातून दंड सोडवला आणि दारातूनच, चांगली खच्चून, हाक मारली, "बाबा."