केंवटपाऱ्याचा काठ

नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि नकाशांना एकाएकी गिऱ्हाईक आले. तिथल्या पंडरी बाजारात ठोक कापडाच्या दुकानावरच्या माडीवर नीलेश नावाच्या तरुणाने नकाशांचे कार्यालय थाटले आणि तपासणीसाठी अनंतरावांना बोलावून घेतले. अनंतराव तंत्रनिकेतनात शिकलेले, जन्मभर शाईने नकाशे काढून निवृत्त झालेले. संगणकाला ते हात लावीत नसत. छापून आलेला लहान नकाशा मूळच्या मोठ्या नकाशाशेजारी पसरायचा, एकेका वस्तीवर बोट ठेवायचे आणि बरोबर असेल तर लाल पेन्सिलीने खूण करायची, असा त्यांचा शिरस्ता.

पावसाळ्याच्या तोंडावर, जेठातल्या एका दुपारी त्यांचे बोट केंवटपाऱ्यावर अडले.

"पूर्णिमा, हे वस्ती नाल्याच्या अल्याड कशी आली? मोठ्या नकाशात पल्याड आहे."

पूर्णिमा संगणकावर नकाशे करी. घर मराठी, पण उत्तर निम्मे हिंदीत येई. "काकाजी, छोटे नक्शे में नाला सीधा किया ना, मोड़ निकल गए. वस्ती तिथंच आहे, नालाच सरकला."

नाला त्या वस्तीला तीन बाजूंनी वळसा घालून जात होता. वळण कापताच वस्ती ह्या काठावर येऊन पडली. पावसाळ्यात नाला फुगला की पल्याडच्या वस्त्यांची वाट बंद होते. तिथे धान्य आधीच पोहोचवायचे असते, आणि कुठे पोहोचवायचे ते धान्यखात्याचे साहेब लोक हाच नकाशा पाहून ठरवणार होते. संध्याकाळी त्यांचा माणूस नकाशा न्यायला येणार होता. अल्याडच्या वस्तीला आगाऊ धान्य कोण धाडणार?

"वळण परत टाक."

तिने टाकले. लहान कागदावर वळणे एकमेकांना चिकटली, शाईचा नुसता गोळा झाला आणि वस्तीचा ठिपका त्यात बुडाला.

"तो फिर नाला सीधा ही रखते हैं, वस्ती को ही ज़रा नीचे खिसका देते हैं."

अनंतरावांनी चष्मा काढला. "जागा हलवायची? बाई, ठिपका हलवणाऱ्याले मी टेबलावरून उठवत होतो!"

"और सड़क? तुमच्या नकाशातल्या सडकेची रुंदी मोजली तर ती दोन्हीकडची शेतं खाऊन जाईल. तेव्हा काही नाही वाटलं?"

"जाड नाही काढली तर दिसन कशी ते?"

"मग केंवटपारा कसा दिसन?" पूर्णिमाने त्यांच्याच सुरात विचारले.

अनंतरावांनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी-शेजारी लावले. जागा खरी ठेवली तर काठ खोटा होत होता. दोन्ही खरे मावतील एवढा तो कागद नव्हता.

"मोठ्या नकाशातला ठिपका हलणार नाही ना?"

"नहीं काकाजी, सिर्फ छपाईवाल्या कॉपीत."

"अन् खाली लिही, वाचता यावं म्हणून काही वस्त्या जराशा सरकवल्या आहेत."

"हव. पण सरकवा तुम्हीच." तिने माउस त्यांच्यापुढे ढकलला.

त्यांनी तो धरला तसा पडद्यावरचा बाण सुसाट वर पळाला. "अरे, काकाजी तो सीधे शहर के उस छोर, भनपुरी पहुँच गए!" पूर्णिमा खिदळली. दुसऱ्या खेपेस त्यांनी श्वास रोखून ठिपका नाल्याच्या पल्याड नेऊन ठेवला.

नवा कागद छापून आला. त्यांनी पट्टी लावून अंतर मोजले. "चुकलं," ते स्वतःशीच म्हणाले. मग काठ पाहिला आणि लाल खूण केली.

संध्याकाळी आलेला माणूस टेबलाशी उभ्याउभ्याच नाल्यापलीकडची नावे बोटाने वाचू लागला. केंवटपारा आला तेव्हा अनंतरावांनी पेन्सिल खिशात ठेवली.