चक्की थांबते तेव्हा

“बंद करा, दादाजी, बंद करा! घंटी वाजून राहिली!”

रंभाबाईनं स्टुलावर बसल्या बसल्या हात वर केला आणि दादाजींनी चक्कीचं बटण खाली ओढलं. घरघर आधी जड झाली, मग दमली, मग पट्ट्याची नुसती फडफड उरली. पिठाच्या धुक्यातून भिंतीजवळचा काळा फोन आता कुठे नीट ऐकू येऊ लागला. रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवले.

“हालो! कोन पाह्यजे? भिलाईहून? थांबा, बोलावतो. ठेवू नका बरं!”

रिसीव्हर तिनं ज्वारीच्या पोत्यावर आडवा निजवला, पोर निजवावं तसा. दारात आली, तळहात कानामागे धरला आणि आवाज सोडला.

“तार आली दारी, तारेत बसलं पाखरूऽऽ
धाव सिंधूताई, बोलतं तुझं लेकरूऽऽ”

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे ही वस्ती. कवेलूंच्या छपरांची घरं, मध्ये विहार, विहारापुढे निंब. आवाज निंबावरून गेला, वाळत घातलेल्या लुगड्यांवरून गेला आणि पार शेवटच्या घरातून सिंधूताई कणकेच्या हातांनी धावत सुटली. वस्तीत सिंधू चार होत्या, पण ही चाल एकीचीच. प्रत्येक घराची ओवी वेगळी. रंभाबाईनं त्या जात्यावर आईकडून उचलल्या होत्या आणि विजेच्या चक्कीत बसून फोनसाठी नव्यानं बांधल्या होत्या.

“माह्या घरची ओवी कवा गाशील वं रंभे?” रेल्वेतून रिटायर झालेले मारोतराव दाराशी बसून रोज विचारत. “मले कोनी फोनच नाई करत.”

“तुमच्या पोराले म्हना, तुमच्यासंग बोलावं वाटलं का करंल,” रंभाबाई म्हणाली आणि रांग हसली.

फोन चक्कीमालक दादाजींच्या नावावर होता. वापर सगळ्या वस्तीचा होता. लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यामागे हाच नंबर, आणि पुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरं. म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणूस आमचा. एकदा एकाच वेळी दोघींना बोलायचं होतं म्हणून डब्यांची आदळआपट झाली. तेव्हा विहारात सतरंज्या अंथरून सगळे बसले आणि ठरवलं. दुखणं पहिलं. मग नोकरी. मग मयत, कारण मेलेल्याला घाई नसते. सोयरीक त्यानंतर. आणि प्रेमाचा फोन असला तर चक्की चालूच ठेवायची, तेवढाच त्यांना आडोसा. पण मग ‘आवडतेस’ हे शब्दसुद्धा ओरडून सांगावे लागत, त्यामुळे ती सवलत कुणी मागितली नाही.

रंभाबाईचा जीव मात्र त्या उन्हाळ्यात दुसऱ्याच घंटीत अडकला होता. तिची वच्छला बल्लारशाला दिली होती. जावई कागदाच्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण सासूचं म्हणणं पडलं, “आताच काहून नेता? पोरीले जड झालं का फोन करतो, मंग या.” रंभाबाईनं बाजेला नवी नवार भरली होती, डिंक, खारीक आणून ठेवली होती. घंटी वाजली की तिचा हात आधी कपाळाला जाई, मग फोनला.

आणि नेमका तेव्हाच फोनच्या ऑफिसातून माणूस आला. सायकल निंबाला टेकवून तो जरा वेळ बघत उभा राहिला. चक्की थांबली, रंभाबाई गायली, कुणीतरी धावत आलं, सगळं त्यानं बघितलं.

“खाजगी फोन सार्वजनिक वापराला देता, अशी तक्रार आहे,” तो दादाजींना म्हणाला. “लाइन सारखी गुंतलेली असते म्हणे. सल्लागार समितीची मीटिंग आहे. तिथं येऊन सांगा काय ते.”

“समितीत कोन असते गा?” रंभाबाईनं विचारलं.

“फोनवाले असतात. व्यापारी, वकील, डॉक्टर. फोन वापरणाऱ्यांची समिती आहे ती.”

“मंग आमी काय वापरून राहिलो? दाने मोजाची पायली?”

तो हसला आणि सायकलवर बसला.

समितीच्या दिवशी दादाजींनी इस्त्रीचं धोतर नेसलं. रंभाबाई त्यांच्याबरोबर गेली. दादाजी साधा माणूस. चक्कीचा दांडा त्यांच्या हातात बोले, तोंडातून मात्र शब्द पिठासारखा भुरभुरत सांडे. दारावरच्या शिपायानं विचारलं, “बाई, तुमचा फोन नंबर?”

“यायचाच नंबर माहा.”

“तसं नाही चालत. ज्याच्या नावावर फोन, तो आत.”

ती व्हरांड्यात उभी राहिली. खिडकीला खसाची ताटी लावली होती, तिच्यामागे कूलर गर्जत होता. फटीतून आतलं थोडं दिसे, थोडं ऐकू येई. एका कापडवाल्या शेठना दुकानातून घरी दुसरी लाइन हवी होती. शोभाताई नावाच्या बाई महिलांच्या वतीनं आल्या होत्या. त्या विचारत होत्या की हिरव्या रंगाचा फोन मिळायला इतका उशीर का. मग साहेबांनी दादाजींना उभं केलं.

“तुमचा फोन किती लोक वापरतात?”

दादाजींची मान ताठ झाली. पाणपोई घातलेल्या माणसाला कुणी विचारावं, किती जण पाणी पितात, तसं त्यांना वाटलं.

“सारी वस्ती, साहेब!” ते म्हणाले. “कोनालेच नाई म्हनत नाई आमी. रातीबेराती बी उठतो.”

“म्हणजे तुम्ही कबूल करता?”

“हो साहेब!” दादाजींनी हात जोडले. त्यांना वाटलं, शाबासकी मिळते आहे.

व्हरांड्यात रंभाबाईनं ओठ दाताखाली धरला. तिला ओरडावंसं वाटलं, पण निंबावरून पार जाणारा तिचा आवाज त्या कूलरला पार करून जाईना.

आठवड्याच्या आत फोन काढून नेला. भिंतीवर चौकोनी जागा राहिली, पीठ न बसलेली. दादाजी दोन दिवस जेवले नाहीत. “माह्या तोंडानंच माती केली वं,” एवढंच म्हणत.

“तुमी खोटं काय बोलले?” रंभाबाई म्हणाली. “खरं बोलन्याची जागा नोहती ते.”

चक्की आता न थांबता चालू लागली. बायकांचं दळण लवकर होई आणि कुणालाच ते बरं वाटेना. मारोतराव दाराशी बसेनासे झाले. 

एका दुपारी नत्थू आला. शहराबाहेर वाडीच्या गोदामात ट्रक लावणारा, वस्तीतलाच पोरगा, बल्लारशाहून कागद घेऊन येई. चक्कीच्या दारात उभा राहून त्यानं डोक्याचा गमछा काढला आणि हातात नुसता पिळत राहिला. दादाजींनी त्याचा चेहरा बघितला आणि कुणी न सांगता बटण खाली ओढलं.

“मावशे,” नत्थू म्हणाला, “वच्छीताईले वेळेच्या आधीच कळा आल्या. ताई बरी हाय. दवाखान्यात हाय.”

“अन् लेकरू?”

नत्थूनं गमछा पुन्हा पिळला.

“जावाईबापूनं फोन लावला होता मावशे. ट्रंककाल बुक केला, पुन्ना बुक केला. आपरेटर म्हने, नंबर बंद हाय. ताई सारखी म्हने, माय आता निंगाली असन.”

चक्कीत पट्ट्याची फडफडसुद्धा उरली नव्हती. रंभाबाई उठली, अंगावरचं पीठ झटकायचं तिला सुचलं नाही. तशीच पांढरी ती नत्थूच्या ट्रकमध्ये बसली आणि बल्लारशाला गेली.

परत आली तेव्हा वच्छला तिच्यासंग होती. नव्या नवारीच्या बाजेवर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. डिंकाचे लाडू रंभाबाईनं तरी केले. अंगात ताकद यायला बाळंतिणीला बाळ लागतं असं थोडंच आहे.

“माय,” एकदा वच्छला भिंतीकडे बघतच म्हणाली, “मी तुले खूप बोलावलं वं. तुह्याच ओवीनं बोलावलं.”

रंभाबाईनं तिच्या केसांतून हात फिरवला. स्वतःच्या घरची ओवी तिनं कधी बांधलीच नव्हती. सगळ्यांना हाक मारणारीला कोण हाक मारणार, असं तिला वाटत आलं होतं.

पुढच्या महिन्यात समिती बसली त्या दिवशी रंभाबाई चक्कीत आली, आपलं स्टूल उचललं आणि डोक्यावर घेतलं.

“कुठं वं?” वाटेत मारोतरावांनी विचारलं.

“मीटिंगले.”

“स्टूल काहून नेऊन राहिली? ऑफिसात खुर्च्या नाईत का?”

“हायेत. पन त्या फोनवाल्यायच्या हायेत.”

मारोतरावांनी तिच्याकडे बघितलं, मग काठी उचलली. “चाल. मले बी कोनाचा फोन येऊन राहिला नाई.” सिंधूताई निघाली, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. दादाजी चक्कीला कुलूप लावून आले. मे महिन्याचं नागपूर. डांबर चपलांना चिकटत होतं. स्टुलाची सावली रंभाबाईच्या तोंडावर पडली होती, तेवढीच काय ती सावली.

दारावर तोच शिपाई. “बाई, नंबर?”

“नाई. काढून नेला.”

“मग आत जाता येणार नाही.”

“मी नंबराचंच बोलाले आली. ज्यायले नंबर नाई, त्यायच्याकडून.” ती थांबली नाही. शिपायाचा हात पुढे झाला होता, पण डोक्यावर स्टूल घेतलेल्या बाईला कुठं धरायचं हे त्याला कळेना. बाकीचे व्हरांड्यात राहिले.

आत टेबलाभोवती सगळे होते. रंभाबाईनं दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत स्टूल ठेवलं. फरशीवर पिठाचे चार ठिपके उमटले. शेठनी धोतराचा सोगा आवरून घेतला.

“हे काय चाललंय?” साहेब म्हणाले. “कोण तुम्ही?”

ती बोलू लागली, पण कूलर असा गरजत होता की तिचे ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. शेठनी कानाला हात लावला. कुणीतरी हसलं.

रंभाबाई उठली, खिडकीपाशी गेली आणि कूलरचं बटण खाली ओढलं. रोज हातवारे करून दादाजींकडून करवून घेतलेलं काम तिनं आज स्वतः केलं. पंख्याची घरघर जड झाली, दमली, थांबली. खोलीत दुपार शिरली.

“अहो बाई!” वकील ओरडले. “भाजून निघू!”

“थोडकं भाजा,” ती म्हणाली. “आमच्या इथं एकाचा फोन आला का सारी चक्की थांबते. कोनाचं दळन राहते, कोनाच्या चुलीवरचं करपते. पन बोलनाऱ्याचं आयकू येते. तुमच्या इथं सारेच बोलून राहिले, थांबत कोनी नाई.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, तुमच्या फोनचा निर्णय झाला आहे. नियम...”

“निर्णय झाला ते मालूम हाय मले. मी फोन मांगाले नाई आली.” तिनं पदर खांद्यावर घट्ट घेतला. “माह्या पोरीचं लेकरू गेलं. फोन आला असता त वाचलं असतं, असं मी नाई म्हनत. पन पोरीच्या उशाशी मी असती.”

कुणी घाम पुसला नाही. शोभाताईंनी आपली खुर्ची थोडी सरकवली. स्टुलाला जागा झाली.

“मंग काय पाहिजे तुम्हाला?” साहेबांनी विचारलं. त्यांच्या तोंडून ‘मंग’ निघून गेलं होतं. ते मूळचे इकडचेच असावेत.

“इथं बसाची जागा. ज्यायच्या नावानं फोन नाई पन ज्यायचा जीव फोनात हाय, त्यायच्याकडून एक मानूस. तुमी काढा, तुमी लावा, पन आमाले पुसून.”

“नियमात तशी खुर्ची नाही.”

“म्हनून त स्टूल आनलं.”

व्हरांड्यातून मारोतरावांचा खाकरा आला. शेठ काहीतरी पुटपुटले. वकिलांनी शिपायाला कूलरकडे खूण केली. तो खिडकीशी गेला, बटणावर बोट ठेवून त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब रंभाबाईकडेच बघत होते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

रंभाबाई उठली. तिला कळायच्या आधी तिचं शरीर उठलं. मान खिडकीकडे वळली, तळहात कानामागे गेला, छातीत श्वास भरला. पुढे निंब नव्हता, कवेलू नव्हते. हाक कुणाला मारायची? क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग हात खाली घेतला आणि सावकाश स्टुलावर बसली.

फोन वाजतच होता. साहेबांनी तो उचलला.

“नंतर करा,” ते म्हणाले. “इथं एक बाई बोलताहेत.”

रिसीव्हर त्यांनी खाली ठेवला. शिपायानं बटणावरचं बोट काढलं. खसाच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं आणि आता त्याचा थेंब न् थेंब ऐकू येत होता.

“हं,” रंभाबाई म्हणाली. “त मी काय म्हनत होती.”