तांदळाच्या पिंपातली बाटली

मी कॉफीची बाटली बोलतेय, पण हळू आवाजात. सवयच तशी लागलीय. पासली गावातल्या एका घरात सहा महिने मी तांदळाच्या पिंपात झाकणासकट पुरून काढले. तिथं मोठ्यानं बोलून कसं चालेल?

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते भोरच्या बाजारातलं किराणा दुकान. तिथून मला प्रेरणानं घेतलं. लग्न आठ दिवसांवर होतं. कॉलेजात असताना तिला दिवसाला तीन कप लागायचे. मी पोटात गेले की जांभई पळायची, डोकं तरतरीत व्हायचं, नकोसा धडाही वाचून व्हायचा. माझं चांगलं आत्ताच सांगून घेते. पुढं सगळं भीतीचंच आहे.

साड्यांच्या घड्यांत गुंडाळून ती मला सासरी घेऊन आली. घर चहाचं. पहिल्याच सकाळी सासू सगुणाबाई कप पुढं करत म्हणाल्या, "घे ग. आमच्यात दुसरं काय न्हाई." प्रेरणा फारशी बोलणारी नाही. तिनं चहा घेतला आणि दुपारी डोकं धरून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं माझं लेबल नखानं खरवडून काढलं आणि मला तांदळात पुरलं. माहेरी गेली की पाकीट आणून मला पुन्हा भरायची.

सकाळी सगुणाबाई शेतावर गेल्या की मी बाहेर. दुपारी जेवण उरकून त्या शेजारच्या रतनबाईच्या ओट्यावर मिश्री लावायला गेल्या, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड हिरड्यांना घासत बसल्या, की परत मी बाहेर. संध्याकाळी त्या म्हशीची धार काढायला बसल्या की तिसऱ्यांदा. माझा वास झाकायला प्रेरणा उदबत्ती लावायची. सासू कौतुकानं सांगायच्या, "लई देवाची हाय सून. दिसातनं तीनदा उदबत्ती."

रोज पिंपाचं झाकण उघडायचं, सगुणाबाईंच्या हातातलं तांदूळ मोजायचं भांडं आत शिरायचं आणि माझ्या काचेला घासून जायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता खट्‌ वाजणार.

मग प्रेरणाला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात गावच्या आशा सेविका मायाताई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. हिमोग्लोबिन नऊच. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीनं प्रेरणाला मळमळायचं, म्हणून ती गोळी माझ्याच कडू घोटाबरोबर गिळायची. सगुणाबाईंनी शेंगदाण्याचे लाडू केले, रोज पालेभाजी केली. महिन्याभरानं आकडा आला आठ.

रतनबाईनं सोडलं नाही. "सगुणे, सुनंला जेवाय घालतीस, का नुसती उदबत्ती हुंगवतीस?"

सगुणाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मायाताईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस?"

"पाण्याबरोबर," प्रेरणा म्हणाली. पिंपात माझं झाकण गार पडलं.

"चहा-कॉफीबरोबर घेऊ नको हां. जेवणाला लागूनही नको, लोह अंगी लागत नाही. मधे तास-दोन तास जाऊ दे. तसा दिवसाला कपभर घेतलास तर काही बिघडत नाही. पण आता रक्त वाढलं नाही तर भोरला भरती करावं लागेल. गरोदरपणात असं अंगावर काढून चालत नाही."

तेव्हा कळलं. पोरीचं रक्त मी अडवत होते. मी, जिला ती आपलं माणूस समजून जपत होती.

दोन दिवस तिनं मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं, की हात परत तांदळात आला. गोळी मात्र तिनं त्या दिवशी घेतलीच नाही. घाबरली होती. मीही.

चौथ्या दिवशी सगुणाबाईंनी सुनेला पेज करायची म्हणून तळचा जुना तांदूळ काढायला हात घातला. खट्‌!

"प्रेरणा! ही काय ग?"

लेबल नाही. पडशानं त्यांचं नाक बंद. त्यांनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली. तळहातावरची काळपट पूड म्हणजे त्यांच्या लेखी एकच.

"मिश्री लावतीस? पोटुशी असून? माझंच बघून शिकलीस. म्याच दावलं तुला हे." आणि कनवटीची मिश्रीची डबी काढून त्यांनी सरळ चुलीत टाकली.

मी सगळ्यात जास्त भ्याले ते इथं. प्रेरणा गप्प राहिली असती तर माझं नावसुद्धा निघालं नसतं. मी उकिरड्यावर गेले असते आणि पुढच्या माहेरपणात दुसरी बाटली आली असती.

"आत्या, ती मिश्री नाही. कॉफी आहे."

सगुणाबाईंनी पूड जिभेला लावली. "थू! कडू जार. एवढ्यासाठी लपवालपवी? मागायची की ग!"

"गोळीपण मी हिच्याबरोबरच घेत होते."

आता सगुणाबाई खालीच बसल्या. त्यांनी वाकून चुलीत बघितलं. मग म्हणाल्या, "आन् माझी डबी गेली की जळून."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मला वाटलं, आता माझी पाळी.

पण मी फळीवर गेले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. चमचा सगुणाबाईंच्या हातात. सकाळी एकच कप, गोळी दुपारी लिंबाच्या पाण्याबरोबर. मिश्रीवाचून सगुणाबाईंचं डोकं दुखतं, मग त्याही बशीत घोटभर ओतून घेतात, "औषिद म्हणून". परवा तीन बशा प्यायल्या आणि छातीत धडधडतंय म्हणून मलाच शिव्या दिल्या. त्या शिव्या खोट्या नव्हत्या.

आज सकाळी मायाताई परत रक्त घेऊन गेल्या. आकडा उद्या कळेल. माझ्या तळाशी दोन चमचे पूड उरलीय. मघाशी सगुणाबाईंनी मला उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाल्या, "संपली की नीट धुऊन दे ग. बाळाच्या गुटीचं सामान ठिवीन हिच्यात."

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणी कॉफी पीत असेल तर तिला पिंपात हात घालायला लावू नका. उजेडात पिऊ द्या, बेतानं पिऊ द्या. आणि गोळीशेजारी मला कधी ठेवू नका.

रिकामं व्हायची मला जन्मभर भीती वाटत आली. आज पहिल्यांदा वाटतंय, लवकर रिकामी होऊ दे. फक्त उद्याचा आकडा चढलेला असू दे. मला जायफळ, हळकुंड आणि वेखंड पोटात घेऊन बसायचंय.