माडावरचा फटका

तारकर्लीच्या अलीकडे आमचं गाव. गावाला वाड्या पुष्कळ, पण माणसाला मनापासून वैर परवडतं ते एकाच वाडीशी, म्हणून आम्ही मधलीवाडीवाल्यांनी ते बंदरवाडीशी ठेवलं आहे. वैर तसं सभ्य. मुली देतो-घेतो, मयताला जातो, त्यांची मासळी नावं ठेवत ठेवत विकत घेतो. भात कापून झालं की मळ्यात टेनिस बॉलची स्पर्धा लागते, तेवढ्यापुरतं काय ते बोलणं बंद.

मधलीवाडीचा कीपर सत्यवान. ओपनरही तोच. कधीपासून, याबद्दल वाद आहेत. वाडीतल्या बऱ्याच मुलांना बापाचं तोंड ओळखू यायच्या आधी सत्यवानाची पाठ ओळखू येत असे, कारण बाप मॅच बघायला घेऊन जायचा. सत्यवान वायरमन आहे. तो खांबावर चढला की दुसऱ्या वाड्यांतले लोक खालून वीज कधी येणार ते विचारतात. आमचे लोक गुडघा कसा आहे ते विचारतात.

त्याचा फटका एकच. मळ्याच्या लेगच्या अंगाला तेरेझाबायच्या कुंपणात एक उंच, जरासा कलता माड आहे. बॉलर कसाही टाको, सत्यवान गुडघ्यावर बसणार आणि बॉल माडावरून जाणार. त्याला दुसरे फटके येत नव्हते असं नाही. त्याने ते मारून बघितले नव्हते.

आणि सत्यवानाचा भक्त कोण, तर महादूआबा. पोफळीची बाग, पिकली दाढी, हातात काठी. पण आबांचं खरं काम गाऱ्हाणं घालण्याचं. आमच्याकडे नवी होडी, नवी रिक्षा किंवा नवा जावई देवाला सांगितल्याशिवाय चालू करत नाहीत. वाडीतला जाणता माणूस नारळ पुढे ठेवून उभा राहतो, काय हवं ते देवाला मोठ्याने सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मॅचच्या आधीही हे व्हावंच लागतं. आबांच्या गाऱ्हाण्यात वाडीला यश मागून झालं की एक वाक्य ठरलेलं: "आणि सत्यवानाचो फटको माडावरना जांवदे रे म्हाराजा." अलीकडे त्याला "तेचो गुडघो सांभाळ" हे जोडलं होतं. परिस्थिती बदलली की देवालाही कळवावं लागतं.

यंदा दोन गोष्टी झाल्या. तेरेझाबायने माडामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि त्यावर सोलरची पॅनेलं बसवली. मग स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला निरोप धाडला, की बॉल माडापलीकडे आला तर बॉल परत मिळणार नाही, आणि मारणाराही धड मिळेल याची खात्री नाही. मंडळाने घाबरून नियम केला: माडापलीकडे बॉल गेला की बॅट्समन आऊट.

दुसरी गोष्ट म्हणजे सुशांत आमचा कॅप्टन झाला. सुशांत पुण्याच्या कंपनीत कामाला आहे, पण कामाला असतो घरीच, त्यामुळे त्याच्याकडे सुधारणा करायला वेळ असतो. त्याने खेळाडूंचा लिलाव आणला. कोणीही कोणत्याही वाडीतून खेळेल, ज्याने हात वर केला त्याचा.

लिलाव तेरेझाबायच्याच नव्या हॉलमध्ये झाला. सत्यवानाचं नाव पुकारलं तेव्हा सुशांत मोबाईलमध्ये बघत होता. आबांनी त्याला काठीने ढोसलं.

"आबा, टीमचा विचार करावा लागतो," सुशांत हळूच म्हणाला. "काकांकडे फटका एक. तो यंदा आऊट आहे."

"आणि कीपिंग?"

"खाली बसतात ते बरोबर बसतात. उठायला अंपायर लागतो."

पुकारणाऱ्याने नाव पुन्हा घेतलं. मग पलीकडून बंदरवाडीचा कॅप्टन मेल्रॉय याने हात वर केला. हसत हसत केला, पण केला. सत्यवान आमच्या बाकावरून उठला, गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या बाकापर्यंत गेला, आणि बंदरवाडीने त्याला एक नंबर लहान असलेला हिरवा टी-शर्ट दिला. त्याच्या जागी आम्ही तळेरे गावचा एक मुलगा घेतला. चांगला मुलगा. केस फारच चांगले.

त्या दिवसापासून आबांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. संध्याकाळी ते कुस्तोदियोच्या ओसरीवर येऊन बसत. कुस्तोदियो जन्मभर जहाजावर कुक होता. जगातली सगळी बंदरं त्याने तिथल्या मटणाच्या भावावरून लक्षात ठेवली आहेत.

"तुझ्या अमेरिकेत काय करतत रे?" आबांनी विचारलं. "थंय खेळाडू टीम बदलता तेव्हा?"

"थंय बेसबॉल. बॅट आपल्या मुसळासारखी. बाल्टिमोराक जहाज लागला की आम्ही बघूक जायत होतव. थंय खेळाडू म्हणजे बाजारातलो बांगडो. आज ह्या पाटीत, उद्या त्या पाटीत."

"आणि लोक खंयच्या पाटीबरोबर जातत?"

"लोक टीमीक चिकटान ऱ्हवतत. पण माझ्या बाजूक एक म्हातारो बसल्लो. शर्ट टीमचो, आणि पाठीर नाव एका खेळाडूचा. तो खेळाडू त्याच दिवशी समोरच्या टीमीतसून खेळत होतो."

"मगे म्हाताऱ्यान केल्यान काय?"

"खेळाडू बॅट घेवन इलो, तसो म्हातारो उभो ऱ्हवलो आणि टाळ्यो वाजवल्यान. आऊट झालो, तेव्हा आणखी जोरान वाजवल्यान."

आबांनी सुपारी कातरून एक खांड कुस्तोदियोला दिलं.

"म्हातारो शाणो," ते म्हणाले. "पण तेका गाऱ्हाणा घालूचा नव्हता."

घोडं तिथेच अडलं होतं. टाळ्या दोन्हीकडे वाजवता येतात. देवापुढे उभं राहून दोन्ही वाड्यांसाठी मागता येत नाही. बरं, गाऱ्हाणं घालायचंच नाही म्हटलं तर वाडीला वाळीत टाकल्यासारखं होतं. आबांनी सुशांतला शब्द दिला, की वाडीसाठी गाऱ्हाणं घालीन आणि सत्यवानाचं वाक्य गाळीन. मग रोज सकाळी ते बागेत केळींपुढे उभे राहून त्या वाक्याशिवाय गाऱ्हाणं म्हणू लागले. त्यांची बायको नर्मदाकाकू विहिरीवरून ऐकत असे.

"इतक्या वर्षांचा वाक्य," ती म्हणे. "दात काढल्यावरी जीभ थंयच जातली तुमची."

"वाडी ती वाडी," आबा म्हणत.

फायनलला आमच्यासमोर बंदरवाडीच आली. सकाळी सत्यवान हिरवा टी-शर्ट पोटावर ओढत आबांच्या पाया पडायला आला.

"आबानू, आज माझा नाव घेव नको हां. पोरांका बरा दिसाचा नाय."

"तुझा नाव मी कित्याक घेतलंय? तू कोण माझो?" आबा म्हणाले. "गुडघो कसो आसा?"

"बरो आसा."

"पट्टो बांधलंस?"

"बांधलंय."

"मगे जा. तोंड दाखव नको."

सुशांत मॅच मोबाईलवरून मुंबईकर मंडळींना थेट दाखवणार होता, म्हणून आबांच्या हातात माईक आला. नारळ ठेवला, आमचे अकरा खेळाडू हात जोडून भोवती उभे राहिले, आणि आबांनी आवाज लावला.

"बा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी मधलीवाडीची लेकरा तुझ्या पायाकडे इली हत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या हातीपायी बळ दी, बॉलाक दिशा दी, कोणाची वायट नजर लागल्ली आसात ती भायल्या भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वाडीचा नाव ऱ्हवांदे, आणि सत्यवानाचो फटको माडावरना जांवदे, तेचो गुडघो सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आमचे अकराच्या अकरा म्हणाले. सवय म्हणजे सवय. पण माईक चालू असल्यामुळे वाक्य समोरच्या मांडवातही गेलं होतं. तिथून सगळ्या बंदरवाडीचा "व्हय म्हाराजा" असा काही आला की माडावरचे कावळे उठले.

आबा नारळाकडे बघत उभे राहिले. सुशांतने माईक काढून घेतला. उशीर झाला होता.

"आबा, मागे घ्या ते."

"गाऱ्हाणा म्हणजे काय मोबाईलवरलो मेसेज?" आबा म्हणाले. "धाडलो आणि पुसलो? देवान ऐकल्यान, दोन वाड्यांनी व्हय म्हटल्यानी. झाला ता झाला."

"आम्ही अकरा जण समोरच्या ओपनरसाठी प्रार्थना करून बॅटिंगला जायचं?"

इथे कुस्तोदियो पुढे आला. "मागे घेवक येणा नाय," तो म्हणाला, "पण फुडे जोडूक येता."

हे आबांना पटलं. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, "तरी म्हाराजा, वर सांगितलेला सगळा कायम ठेवन, जिंकूची मात्र मधलीवाडीच." सरकारी खात्यात याला शुद्धिपत्रक म्हणतात. मूळ हुकूम जागेवर, उलटा हुकूम त्याच्या शेजारी, आणि दोन्हींची अंमलबजावणी करायची खालच्या माणसाने. इथे खालचा माणूस नसल्यामुळे सगळं देवावर आलं.

मग आबांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली. आमच्या मांडवात सगळे त्यांच्याकडे बघत होते. बंदरवाडीवाले "येवा आबानू, हय सावली आसा" म्हणून बोलावत होते. आबांनी खुर्ची दोन मांडवांच्या मधोमध ठेवली आणि भर उन्हात बसले.

आम्ही बॅटिंग बरी केली. तळेऱ्याचा मुलगा सुंदर खेळला, आणि केस सारखे करायला क्रीजबाहेर राहिला तेवढ्यात सत्यवानाने त्याच्या यष्ट्या उडवल्या. आबांनी एक टाळी वाजवली. दुसरीसाठी उचललेला हात मांडीखाली घालून त्यावर बसले.

मग सत्यवान ओपनिंगला आला, आणि आजवर कोणी न बघितलेलं बघायला मिळालं. तो ऑफला ढकलत होता. मेल्रॉयने त्याला बजावून ठेवलं होतं, की काका, काहीही करा, माडाकडे बघू नका. लेगला बॉल आला की सत्यवान तो पायाशी मेल्यासारखा पाडायचा आणि लंगडत एक धाव घ्यायचा. समोरच्या टोकाचे एकेक जात होते, हा टिकून होता. बंदरवाडी खूष. सुशांतच्या कपाळाला आठ्या.

आबा मात्र अस्वस्थ. "हो सत्यवान न्हय," ते कुस्तोदियोला म्हणाले. "हो तेच्या टी-शर्टात दुसरोच कोणतरी."

शेवटचा बॉल उरला. सिक्सर हवी. स्ट्राईकवर सत्यवान. सुशांतने सगळी फिल्डिंग लेग सोडून पसरली, माडाच्या बाजूला माशीही ठेवली नाही, आणि बॉलरला सांगितलं, पायावर टाक. सापळा इतका उघड होता की मेल्रॉय मांडवातून दोन्ही हातांनी ऑफ साईड दाखवत होता, रिक्षावाल्याला गल्ली दाखवावी तशी.

सत्यवानाने गार्ड घेतला. मान वर केली तर समोर उन्हात आबा, डोक्यावर पंचा, काठीवर हनुवटी.

बॉल पायावर आला. सत्यवान गुडघ्यावर बसला.

बॉल गेला तो आधी माडाएवढा वर गेला, मग माडाहून वर गेला, शेंड्याच्या झावळ्यांवरून सावकाश, ओळखीच्या घरावरून जाताना डोकवावं तसा गेला, आणि पलीकडे पॅनेलवर टक् असा आवाज झाला. सिक्सर म्हणावी की आऊट, हे लोकांच्या तोंडाला सुचेना. आबा एकटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. अंपायरने माडाकडे बघितलं, विचार केला आणि बोट वर केलं. आबांनी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या.

मधलीवाडी जिंकली.

मेल्रॉय धावत आला. "काका, ऑफ साईडचं आभाळ अख्खं मोकळं होतं. घारी फिरतील इतकं मोकळं."

सत्यवान जमिनीला हात टेकून उठत होता. "मेल्या, गाऱ्हाण्याक व्हय म्हाराजा कोणी म्हटल्यानी? तुम्हीच ना? आमच्यापरास जोरान म्हटल्यात. आता देवाक कित्याक रागावतंस?"

इतक्या मोठ्याने दिलेली संमती आमच्या गावात दुसरी झालेली नाही.

सुशांतने त्याला बाजूला गाठलं. "काका, खरं सांगा. मुद्दाम?"

"सुशांता, शेवटचो बॉल. पायार इलो. आबा फुड्यात उन्हात बसलेले," सत्यवान म्हणाला. "खंय मारू?"

मॅन ऑफ द मॅचचा गावठी कोंबडा सत्यवानाला मिळाला. हरलेल्या टीमच्या, आऊट झालेल्या माणसाला कसा, असं कोणी विचारलं नाही. सत्यवानाने तो बगलेत मारला आणि सरळ आबांच्या घरी नेला. नर्मदाकाकूने वडे केले. मेल्रॉयचा राग रश्शाचा वास रस्त्यावर येईपर्यंत टिकला. कुस्तोदियो मसाला बरोबर आहे का ते बघायला आला आणि बघत राहिला. शेवटी तेरेझाबाय बॉल घेऊन आली.

"फुटला काय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"छाप सुद्धा नाय उठाक," ती जरा निराश होऊन म्हणाली. "कंपनीवालो सांगत होतो ता खरा. मारा बाबांनो, माडावरना मारा."

हे ऐकल्याबरोबर सुशांत ताट घेऊन सत्यवानाच्या उजव्या अंगाला सरकला आणि पुढच्या वर्षाचं बोलू लागला. मेल्रॉयने डाव्या अंगाने रस्सा वाढला. सत्यवान दोन्हीकडचं ऐकत आणि दोन्हीकडचं खात होता.

"खंयसून खेळतलंस रे फुडल्या वर्साक?" आबांनी विचारलं.

"तुम्ही सांगात थंयसून."

"मी कित्याक सांगू? मी मधलीवाडीचो माणूस, वाडीचाच मागतलंय," आबा म्हणाले. "तू खंयसूनय खेळ. तुझा वाक्य मात्र मधीच येतला. त्येका माझो इलाज नाय."

"व्हय म्हाराजा," स्वयंपाकघरातून नर्मदाकाकू म्हणाली, आणि आणखी वडे घेऊन आली.