फळीची उंची तेरा हजार फूट

“वाचा,” टेलरमास्तर म्हणाले.

“सगळा?”

“सगळा. दुकान बंद ठेवून आलोय.”

निरीक्षकाने फॉर्मवर तळहात दाबून धरला होता, पंख्याने उडू नये म्हणून. पंखा बंद होता.

विमानातून उड्या मारायच्या केंद्रासाठी नगरपालिकेकडे वेगळा फॉर्म नव्हता. होता तो पोहण्याच्या तलावाचा. उडी ती उडी, असं वरिष्ठांनी ठरवलं होतं. बावीस वर्षं इमानेइतबारे चौकटीत खुणा करणाऱ्या माणसाने त्यावर काय बोलायचं?

“प्रश्न एक. पाण्याची खोली. लागू नाही. प्रश्न दोन. जीवरक्षकाला पोहता येतं का? होय.”

“येत होतं तिला,” मास्तर म्हणाले. “छान येत होतं.”

“प्रश्न तीन. उडीच्या फळीची उंची. तेरा हजार फूट.” निरीक्षक अडखळला. “शेरा. तीन मीटरपेक्षा जास्त असल्यास कठडा बसवावा.”

मास्तरांच्या नाकातून हसू निसटलं. मग ते चष्मा पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत बसले.

त्यांची मुलगी त्या केंद्रावर उड्या शिकवायची. तीन महिन्यांपूर्वी तिचं पॅराशूट उघडलं नाही. मग राखीव पॅराशूटही उघडलं नाही. त्याच्या पंधरा दिवस आधी निरीक्षकाने केंद्राला ‘समाधानकारक’ शेरा दिला होता.

“म्हणजे पॅराशूट कुणी बघितलंच नाही?”

“हवेतलं खातं वेगळं, मास्तर. आपलं फक्त जमिनीवरचं.”

“ती जमिनीवरच गेली की हो.”

निरीक्षकाने फॉर्मवरचा तळहात आणखी घट्ट दाबला.

“द्या इकडे.” मास्तरांनी कागद त्याच्या हाताखालून ओढला आणि सवयीने उलटा केला. शिवण आतून बघायची, वरून सगळेच कपडे झकास दिसतात, असं ते गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगत आले होते.

मागे हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘राखीव पॅराशूट ठरल्या तारखेला उघडून, तपासून पुन्हा घडी घालावं लागतं. इथल्या सगळ्यांची तारीख उलटून गेलीय. मालक माझं ऐकत नाहीत. नगरपालिकेचं ऐकतील.’

“हे अक्षर तिचं आहे.”

“हो. मी म्हटलं, याला फॉर्ममध्ये रकाना नाही. तर म्हणाली, काका, मागे अख्खं पान कोरं आहे की! माझंच पेन घेतलं.”

“मग?”

“मागची बाजू स्कॅन होत नाही, मास्तर. वर कुणी बघत नाही.”

“तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?”

“होतं.”

टाका सुटलाय का बघावं, तसा मास्तर अंगठा त्या ओळींवरून फिरवत राहिले.

“याची झेरॉक्स मिळेल?” त्यांनी शेवटी विचारलं.

निरीक्षक उठला. झेरॉक्स काढली. मूळ कागद दप्तराबाहेर द्यायचा नाही, असा नियम होता. शिवाय त्यावर त्याचीच सही होती. त्याने झेरॉक्स फायलीत लावली, मागची बाजू वर ठेवून, आणि मूळ कागद मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. कडा जुळल्या नाहीत. उलगडून पुन्हा घातली. पुन्हा उलगडली.

कडेला कड लागेपर्यंत निरीक्षक समोर उभा राहून बघत होता.