पेढ्यांवरचा हात

"या घरात मुलगी दाखवायचा कार्यक्रम होणार नाय! आपल्या दीनात, धर्मात तसलं काय नाय!" निसारभाई खोतांनी जाहीर केलं. जाहीर केलं तेव्हा ते स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"मग मुरबाडची मानसं येतायत ती काय पंखा बघायला?" खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, हलीमाबींनी विचारलं.

अठ्ठ्याण्णव साल होतं. शहापुरात तेव्हा मुलगी दाखवायची रीत सगळ्यांची एकच. मुलीनं पोहे आणायचे, चालून दाखवायचं, सुई ओवून दाखवायची. पोह्यांना कुणी धर्म विचारत नाही. निसारभाईंनी मात्र जुम्म्याच्या नमाजनंतर मौलानांना गाठून सगळं नीट विचारून घेतलं होतं. मुलामुलीनं एकमेकांना पाहावं, त्याला परवानगी आहे. खोलीत मुलीचा बाप नाहीतर भाऊ हवा. कुणाचं काही उणं दिसलं तर ते बाहेर बोलायचं नाही. आणि मुलीला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

"लाजून गप्प राहिली, तर तो होकारच समजा," मौलाना शेवटी म्हणाले. एवढा एक घास निसारभाईंच्या घशाखाली उतरला नाही.

कारण थोरली, जोहरा. सहा वर्षांपूर्वी तिलाही विचारलं होतं. ती गप्प राहिली आणि पेढे वाटले गेले. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मागच्या अंगणात ती धाकट्या तहसीनला म्हणाली, "तू बोल गो. मी नाय बोलले. लाजले नव्हते, घाबरले होते." मोरीत नमाजाआधी हातपाय धुवून वजू करणाऱ्या निसारभाईंनी ते ऐकलं आणि पाय दोनदा धुतले. तहसीनचा होकार कानांनी ऐकल्याखेरीज घ्यायचा नाही, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

रविवारी अकराला मुरबाडची जीप आली. मुलगा यासीन, मोटर वायंडिंगचं दुकान असलेला. त्याची आई मेहरुन्निसा आणि मामू. शेजारच्या धोंडीबाईंनी कपबशा दिल्या होत्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून त्या स्वतःही येऊन स्वयंपाकघराच्या दारात बसल्या.

तहसीन रिकाम्या हातांनी येऊन बापाच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. चहा निसारभाईंनीच आणला. निम्मा बशीत.

मामूंचा हिरमोड झाला. "चार पावलं चालली असती तर..."

"चालवून घ्यायचा तो बैल, भाईजान. म्हशाची गुरांची जत्रा तुमच्याच तालुक्यात भरते."

मामूंनी बिस्किट चहात बुडवलं, ते तिथंच राहिलं.

यासीन मात्र निसारभाईंना आवडला. जीपमध्ये मामूंनी 'शरीफ घर आहे, नजर खाली ठेव' असं बजावलं होतं, आणि पोरानं आल्यापासून ती शहाबादी फरशीवर ठेवली होती. दुकान कसं चालतं, नमाज कुठल्या मशिदीत, सगळी उत्तरं त्यानं फरशीलाच दिली.

शेवटी निसारभाई खाकरले. "तहसीन, तुला काय वाटतं? पसंत हाय?"

तहसीन गप्प.

हलीमाबी गप्प. धोंडीबाईसुद्धा गप्प, आणि ही गोष्ट गल्लीत आजवर घडली नव्हती.

"लाजली!" मेहरुन्निसा हरखल्या. त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला. "मुबारक हो भाईजान, तोंड गोड करा!"

निसारभाईंनी पुड्यावर पंजा ठेवला.

"नाय. तोंडानं सांगू दे."

"अहो, कुंवारी मुलगी! गप्प राहिली म्हणजे हो. मौलानापन तेच सांगतात."

"मौलानांना विचारूनच बसलोय. पन लाजून गप्प हाय का घाबरून, ते मला बाहेरून कळत नाय. एक डाव चुकलोय. थोरलीच्या टायमाला."

हलीमाबींनी पदर डोळ्याला लावला. मेहरुन्निसांचा हात हवेतच राहिला.

"मग काय आमी उठू?" मामू तापले.

"बसा, जेवून जा. उठायचं तर पेढे घेऊन उठा. पन ती बोलल्याबिगर यातला एक पेढा फुटनार नाय." हे म्हणताना त्यांनी पंजा असा दाबला की वरचे चार पेढे फुटले.

"बोल गो बाय," धोंडीबाईंना राहवेना. "नाय म्हन, हो म्हन. बापाचा हात चिकाटला बघ."

तहसीननं ओढणी सारखी केली. बापाकडे पाहिलं. त्या हाताकडे पाहिलं. घाबरलेली ती अजिबात दिसत नव्हती.

"बोलते, अब्बा. पन मगासधरनं मला निस्ती टोपीच दिसतेय. यांना जरा मान वर करायला सांगता?"